बापाची दहा दिवसांची रजा

रजेचा अर्ज एका पानात मावतो. तो देताना माणसं जे बोलतात, ते मावत नाही! स्वारगेटजवळच्या आमच्या कंपनीत मी एचआर सांभाळते. अर्ज फाईलला लागतात, बोलणी माझ्याकडे साठतात.

वडिलांसाठी दहा दिवसांची रजा सुरू झाली, तेव्हा आमच्या साहेबांनी सर्क्युलर दोनदा वाचलं.

"बाळ झाल्यावर बाप घरी बसून करणार काय?"

"आई करते तेच, साहेब."

"म्हणजे नुसता आराम!"

साहेबांना दोन मुलं आहेत. असं ते सांगतात.

एकदा इंटरव्ह्यूला आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "लग्न झालंय. मग मुलाबाळांचं काय ठरवलंय?"

ती म्हणाली, "बाहेर तीन मुलगे बसलेत. त्यांना विचारलंत?"

"त्यांना कशाला?"

"नाही, मुलं त्यांनाही होतात म्हणे!"

नोकरी त्या तिघांपैकी एकाला मिळाली.

आमची प्रज्ञा सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. तिचा प्रोजेक्ट तिनेच शिकवलेल्या ज्युनिअरकडे गेला होता. "तुम्हाला त्रास नको म्हणून," असं साहेबांनी प्रेमाने सांगितलं. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मात्र प्रेम आटलं.

"सहा महिन्यांत तुमचं काम काही दिसलं नाही."

"बारशाला बोलावलं होतं, साहेब. पाळण्यातच होतं!"

रेटिंग सुधारलं नाही. पण मीटिंगमधले सगळे हसले, आणि पुढच्या महिन्यात प्रज्ञाने दुसरी कंपनी धरली. साहेब अजून म्हणतात, "बायका टिकतच नाहीत हो!"

बापाची रजा पहिल्यांदा घेतली ती निखिलने. जाताना आव असा, की ट्रेकला निघालाय. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"मॅडम, रजा कॅन्सल होते का?"

"का रे? काय झालं?"

"ऑफिसमध्ये निदान जेवायची सुट्टी असते हो!"

मी रजा कॅन्सल केली नाही.

सहाव्या दिवशी त्याची आई कसबा पेठेतून रिक्षा करून थेट माझ्या टेबलापाशी.

"आमच्या निखिलला कामावर बोलवा. गॅलरीत बाळाचे लंगोट वाळत घालतो. शेजारपाजारचे बघतात!"

मी त्यांना पाणी दिलं. सहज विचारलं, "काकू, निखिल झाला तेव्हा काकांनी किती दिवस रजा घेतली होती?"

काकूंनी पेला खाली ठेवला.

"रजा? हे ऑडिटला नागपुरात होते. आठव्या दिवशी आले. बाळाला बघितलं, आणि मला म्हणाले, चहा टाक."

"टाकलात?"

"टाकला."

त्यांनी पेला परत उचलला. पाणी संपवलं. पदराने तोंड पुसलं.

"दहाच दिवस देता का तुम्ही?"

"हो. वाढवून हवी असेल तर वेगळा अर्ज लागतो."

"आणा तो इकडे. पालकांची सही चालते ना?"