कूलरच्या ताट्या

ब्राउझर अपडेट करायची सूचना आली की बाबा चिडून ती बंद करत. "चालू तर हाय नं! मंग काहून बदलू?" त्याच जुनाट ब्राउझरवर ते बँकेचे व्यवहार करत आणि खात्यात कोणी भामटा शिरेल या काळजीनं माझं डोकं फिरे.

यंदा मार्चमध्ये मी प्रताप नगरच्या घरी गेले, तेव्हा ते कूलरच्या जुन्या गवताच्या ताट्या काढून नव्या बसवत होते.

मी म्हटलं, "बाबा, कूलर तर चालू हाय. मंग ताट्या काहून बदलता?"

"अवं, जुन्या ताट्यांतून हवा येते, पण तिच्यासंगं बाहेरची सारी धूळ घरात शिरते."

मी नुसतं कॉम्प्युटरकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग हात पुसून ते खुर्चीत बसले.

"सांग, कुठं दाबू?"