उंचीवरची तीच ताकद

भाग्यलक्ष्मी मुतगेकर चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. होसकोट्याच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी विद्याधर सरांच्या केबिनमध्ये ती इतकी हळू बोलत होती की सरांना पुढे वाकावं लागलं.

"मर्यादा कोणी काढली?"

"मी काढायला सांगितली," सर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात क्लायंटसमोर डेमो आहे. उंचीवर गाडी ढिली पडलेली त्यांना दाखवायची का?"

भाग्यलक्ष्मी बेळगावजवळच्या मुतग्याची. वडील बस डेपोत मेकॅनिक होते, ही इंजिनांचंच शिकली आणि नोकरीसाठी बेंगळुरूला आली. बर्फाचा कणही न पडणाऱ्या या गावात ती बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलची इंजिनं तयार करत होती. हिमालयातल्या एका बचाव पथकाला त्या गाड्या हव्या होत्या.

साधं इंजिन डोंगरावर धापा टाकतं, कारण हवा विरळ. म्हणून टर्बो बसवायचा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जितकी विरळ, तितकं चक्राला जास्त वेगाने फिरावं लागतं. बेंगळुरूत आरामात फिरणारं चक्र लडाखच्या खिंडीत जिवावर उदार होऊन फिरतं. म्हणून भाग्यलक्ष्मीने प्रोग्राममध्ये मर्यादा घातली होती: ठरावीक उंचीच्या वर इंजिनाने थोडी ताकद सोडायची आणि टर्बो वाचवायचा. पण कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'उंचीवरही तीच ताकद'.

"सर, तो टर्बो फुटेल."

"इथे तर मस्त चालतोय."

"इथे बेंगलोर आहे."

सरांनी लॅपटॉप मिटला. गाडी आणि तिचा चालक कल्लाप्पा डेमोसाठी आधीच लडाखला पोचले होते. भाग्यलक्ष्मीने कल्लाप्पाला दिवसभर फोन लावला. रेंज नव्हती.

कल्लाप्पा तिच्याच मुलखातला, खानापूरकडचा. आता आनेकलला राहायचा, बायको यल्लव्वासोबत. भाग्यलक्ष्मीला अक्का म्हणायचा, ती त्याला अण्णा. खिंडीखालच्या चढावर, भुसभुशीत बर्फात, त्याच्या गाडीचा टर्बो फुटला. इंजिन बंद पडलं. मागून वारा सुटला, वाट दिसेना. पथकाच्या माणसांना तो सापडेपर्यंत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेली होती.

तो परत आल्यानंतर बैठक झाली. पथकाकडून अभिराज नावाचे अधिकारी आले होते. विद्याधर सर शांतपणे म्हणाले, "अनफॉर्च्युनेट आहे. पण चालकाने फुल थ्रॉटल धरून ठेवला. ह्यूमन एरर."

कल्लाप्पा दाराजवळ उभा होता, हाताला पट्टी. त्याने सरांकडे पाहिलंच नाही, भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं. "अक्का, मी जास्त पळवलो नाही. तुम्ही सांगितलेलं तेवढंच केलो."

ती उठली. "असंच दुसरं इंजिन खाली आहे," ती अभिराज साहेबांना म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

"भाग्या, बस खाली," सर म्हणाले.

ती थांबली नाही. मागोमाग सगळेच उतरले. टेस्ट रूममध्ये इंजिनाला पंपाने विरळ हवा देण्याची सोय होती. तिने खिंडीएवढी हवा विरळ केली, थ्रॉटल पाऊणच उघडला आणि सगळ्यांना काचेच्या अलीकडे थांबवलं. इंजिनाच्या आवाजावर टर्बोची शिट्टी चढू लागली, बारीक, मग आणखी बारीक. मग आतून धातू फाटल्याचा आवाज आला, निळसर धूर पसरला आणि इंजिन गचकून बंद पडलं.

"पाऊण थ्रॉटल," ती म्हणाली. "काढलेली मर्यादा परत घातली तर हे होत नाही. गाडी हळू चढते, पण चढते."

"मर्यादा काढली कोणी?" अभिराज साहेबांनी विचारलं.

भाग्यलक्ष्मीने विद्याधर सरांचं नाव सांगितलं.

ऑर्डर थांबली. मर्यादा परत आली, जाहिरातीतली ती ओळ गेली. विद्याधर सरांची खुर्ची मात्र हलली नाही. त्यांनी कल्लाप्पाला एक ईमेल पाठवला, इंग्रजीत, 'झाल्या प्रकाराबद्दल खेद'. कल्लाप्पाने तो भाग्यलक्ष्मीला वाचायला दिला, तेव्हा ती पुन्हा केबिनमध्ये गेली.

"आनेकलला चला. समोर बसून बोला. नाहीतर पथकाला कळवते, की तुम्ही चालकावरचा दोष अजून मागे घेतलेला नाही."

ते आले. यल्लव्वाने कॉफी ठेवली. सर ट्रॅफिकबद्दल बोलले, आनेकल किती वाढलंय ते बोलले, हाताकडे न बघता हात कसा आहे ते विचारलं. कप रिकामा करून ते उठायला लागले.

"सर," भाग्यलक्ष्मी म्हणाली, "आपण कॉफीला आलो नव्हतो."

ते पुन्हा बसले. "चूक माझी होती, कल्लाप्पा," ते म्हणाले. "तुझी नव्हती. मी खोटं बोललो."

"सरी, सर, ठीक आहे," कल्लाप्पा म्हणाला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

यल्लव्वा नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीचं बटण लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ऐकलं आम्ही. आता निघा."

परतताना भाग्यलक्ष्मी सरांच्या गाडीत बसली नाही, बसने आली. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. खिडकीशी बसून ती त्याच उतरलेल्या आवाजात पुटपुटत राहिली, आणि शेजारची बाई थोडी सरकून बसली.