लेकीचा हेल

मुकुंदवाडीत कुणाचं माणूस गेलं की पाहुण्यारावळ्यांच्या आधी बानाबाईला निरोप जायचा. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली, उंच, हाडापेरानं मजबूत अशी ही धनगराची बाई हातातलं काम टाकून निघायची. मयताच्या घराची गल्ली लागली की पदर पुढं ओढायची आणि हेल काढायची. तो रेल्वेच्या रुळापलीकडं ऐकू जायचा. मयतापाशी गुडघ्यावर बसली की एक हात मागं टेकवून ती रडायची. गेलेल्या माणसाचं सारं आयुष्य त्या रडण्यात यायचं. त्यानं खणलेली विहीर, त्याचं तिखट खाणं, भावाशी धरलेला अबोला, सुनेला दिलेली माया, काही सुटायचं नाही. घरच्या बायका तोवर दगडासारख्या बसलेल्या असत. बानाबाईचा हेल कानावर आला की त्यांना रडू फुटायचं आणि घर मोकळं व्हायचं. याचं तिला कुणी कधी काही दिलं नाही, आणि तिनं घेतलंही नसतं.

लेक सरू लहानपणी तिच्या पदराला धरूनच असायची. एकदा मेंढरांच्या वाड्यामागं चिंध्यांची बाहुली आडवी ठेवून ती हेल काढत बसली होती. हुबेहूब आईचा. शेजारणी कोण गेलं म्हणून धावत आल्या. बानाबाईनं तिच्या तोंडात मारली आणि बाहुली चुलीत घातली.

"मेल्याबिगर हेल काढायचा नसतो," ती म्हणाली. "घरात मौत बोलावती का?"

संध्याकाळी पोरीचा गळा बसलेला दिसला, तेव्हा मात्र तिला जवळ ओढून बानाबाईनं समजावलं की गळ्यातून कधी रडू नये, पोटातून रडावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी मेंढरांना हाक मारायला आवाज राहतो. पोरीचा हात स्वतःच्या पोटावर ठेवून तिनं श्वास कुठून उठतो ते दाखवलं.

पुढं चिकलठाण्याच्या बाजूला कारखाने आले, चराईचं माळरान तारांच्या कुंपणात गेलं आणि सरूचा बाप सोनाजी मेंढरं विकून एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला. वस्तीवरच्या पोरी शाळेत घालाव्यात म्हणून छावणीकडच्या मिशनच्या सिस्टर घरोघरी फिरत होत्या. सोनाजीनं सरूला त्यांच्या शाळेत घातलं. तिथं प्रार्थनेच्या वेळी दोनशे पोरींच्या वरून एकच आवाज जातो, हे गाणं शिकवणाऱ्या सिस्टरच्या ध्यानात आलं. त्या बाईनं सरूला पियानोपाशी उभं केलं, मग मुंबईला धाडलं, आणि मुंबईवरून पोरगी जी गेली ती थेट व्हिएन्नाला.

ती तिथं काय करते हे लोकांना सांगण्याचं काम सोनाजीनं अंगावर घेतलं होतं. पारावर बसून तो सांगायचा, "त्याला ऑपेरा म्हणत्यात. आपलं नाटकच, पर त्यात पाणी मागायचं आसलं तरी गाऊन मागायचं." पुंजाराम न्हावी एकदा म्हणाला, मग ते तहानेनं मरत असतील. सोनाजीसुद्धा हसला. पण लेकीचा मुकुट घातलेला फोटो त्यानं खिशातून काढून दाखवलाच. पॅरिस, लंडन, टोकियो ही नावं तो हर्सूल, सिल्लोड म्हणावं तशी म्हणायचा. आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य यायचं. "आमच्या मातीला सरूचा हेल निघंल ना, तवा सिल्लोडात माझी बहीण घरबसल्या ऐकंल."

सरू दोन-तीन वर्षांतून एकदा यायची. तिखट खायची नाही, माठातलं पाणी प्यायची नाही, आईनं फोडणी टाकली की गळ्याला रुमाल लावून अंगणात जाऊन उभी राहायची. एका वर्षी शहरात तिचा सत्कार झाला. तुमच्याकडं गाणं कुठून आलं, असं कुणीतरी विचारलं. सरू म्हणाली, आमच्या घरात गाणं नव्हतं, जे शिकले ते सिस्टरकडं आणि परदेशातल्या गुरूंकडं. पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून बसलेल्या बानाबाईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. रिक्षात सोनाजी चुळबुळ करत म्हणाला, पोरगी तुझं नाव घ्यायचं विसरली. बानाबाई म्हणाली, "मला कुठं गाणं येतं?" ते खरंच होतं. पण त्यानंतर सरू घरी असेपर्यंत तिनं लेकीच्या केसांना तेल लावलं नाही. हात दुखतो म्हणाली.

मग एका उन्हाळ्यात सोनाजी कंपनीच्या फाटकावर खुर्चीतच गेला. मुलगा कारभारी यानं बहिणीला फोन केला. लेक आल्याशिवाय बापाला उचलायचं नाही, म्हणून सोनाजीला बर्फावर ठेवलं. त्या दिवशी बानाबाई रडली नाही. तिच्या मनात सारं ठरून गेलं होतं. सरू गल्लीच्या तोंडाशी उतरेल, पहिला हेल ती काढील, आपण पुढं जाऊन तिला मिठी मारू आणि दुसरा आपण धरू. नवऱ्यानं आयुष्यभर एवढं एकच मागितलं होतं. बायाही वाट बघत होत्या. सिल्लोडहून आलेली नणंद राजाबाई दर गाडीच्या आवाजाला मान वळवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. सरू उतरली. त्या उन्हातही तिच्या गळ्याभोवती शाल होती. ती गल्लीतून चालत आली, बायांच्या मधून वाट काढत आत गेली आणि बापाच्या पायाशी बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ओठ घट्ट मिटलेले. बानाबाई थोडा वेळ थांबली. बायाही थांबल्या.

मग राजाबाई शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इमानात आवाज इसरून आली का काय पोरगी?"

कुणीतरी पदराआड हसलं. ते हसू ऐकलं आणि बानाबाईनं हेल काढला. आधी बायकोचा काढला, त्याची मेंढरं, त्याचं फाटक, त्याचा तो फोटो. मग कुणाला काही कळायच्या आत तिनं लेकीचाही काढला. "माझ्या बाबा, मला शाळेत घातलं, माझ्या बाबा," असं सत्तरीला टेकलेल्या त्या बाईनं नवऱ्याच्या देहापाशी म्हटलं. बाया चपापल्या. सरूनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा बानाबाई पोटातून रडली नाही. माती होऊन माणसं परतली तोवर तिचा आवाज गेला होता.

तिसऱ्या दिवशी सरूची बॅग भरलेली होती. पुढच्या आठवड्यात तिचा मोठा प्रयोग होता आणि दहाव्यापर्यंत थांबता येणार नव्हतं. बानाबाईनं कुजबुजत्या आवाजात विचारलं की मी तुला पोटातून रडायला शिकवलं होतं की नाही. पोटातून रडलं तर गळा बसत नाही, मग बापाला एक हाक द्यायला काय झालं होतं?

सरूनं बॅगेची चेन ओढली. "लोकाच्या बापासाठी पोटातून रडता येतं, आई. आपला बाप असला की गळाच मधी येतो. एकदा फाटला की माझं सगळं संपलं."

"माझा फाटला," बानाबाई म्हणाली. "मला कुठं नाटकात जायचंय."

लेक पाया पडली आणि गेली. बानाबाईचा आवाज परत आला तो चिरकाच आला, फुटक्या घागरीसारखा. मयताचे निरोप यायचे थांबले. आले तरी ती जाऊन एका कोपऱ्यात बसायची, आणि कमी वयाच्या बाया काहीबाही रडून वेळ भागवायच्या. सरूचा फोन मात्र दर रविवारी यायचा. बानाबाई, "जेवली का? गळा जप," एवढं म्हणायची आणि फोन सुनेच्या हातात द्यायची.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. सून आशाबाई मोबाईल घेऊन अंगणात आली. सरूच्या त्या मोठ्या प्रयोगाचा व्हिडिओ कुणीतरी कारभारीला पाठवला होता. बानाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. पदराला हात पुसून तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. मोठा महाल होता, आणि जमिनीवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मरून पडलेला. सरू धावत आली, त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली, एक हात मागं टेकवला आणि गायला लागली.

भाषा कळण्याचं कारण नव्हतं. पण तो श्वास पोटातून उठला, आवाज वर चढला, तिथं थरथरत टांगून राहिला आणि मग तुटत तुटत खाली आला. बानाबाईचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. हात मागं टेकायची रीत तिची होती. हेलही तिचाच होता. कुठंही फाटलेला नव्हता.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

आशाबाई म्हणाली की नाटकातला बाप आहे.

गाणं संपलं, पडदा पडला आणि पुन्हा वर गेला. हजारभर माणसं उठून टाळ्या वाजवत राहिली. मग तो मेलेला म्हातारा कपडे झटकत उठला, त्यानं सरूचा हात धरला आणि दोघांनी हसत हसत वाकून नमस्कार केला.

"उठला," बानाबाई म्हणाली. तिनं मोबाईल सुनेकडं दिला. टोपली पुढं ओढून पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

"आशा, माझं काही झालं तर सरूला माती झाल्यावर कळव."

आशाबाई गडबडली. असं कसं म्हणता आत्याबाई, लेक आहे ती, असं काहीतरी म्हणाली.

"लेक हाय म्हणूनच सांगते. ती आली की बाया तिच्या तोंडाकडं बघत बसत्यात. पुन्यांदा नको."

"मग हेल कोण काढील?"

गल्लीतल्या एकूणएक मयताला जिनं रडून वाटेला लावलं होतं, त्या बाईनं टोपलीतली पुढची शेंग उचलली.

"कुणी नगं," ती म्हणाली. "गपचूप न्या."