इंदूरचं पापलेट

गोजराला मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती माझ्या पिशवीत टाकलेलं पापलेट परत काढून घेत होती. "नका नेऊ बाई, कल्ले फिके हाईत. उद्या ताजं देते." सारसोळ्याची कोळीण, नेरूळच्या सगळ्या बाजाराला पुरेल असा आवाज.

पुढे तिची लेक भाविका माझ्या वर्गात आली. सारसोळ्यातल्या एका खोलीत, चार माणसांत, मासळीच्या टोपल्यांना पाठ लावून ती शिकली. यंदा तिला इंदूरची नोकरी चालून आली. पगार ऐरोलीतल्या सध्याच्या नोकरीपेक्षा कमी, पण तिथे तेवढ्यात जास्त भागतं, असं ती परोपरीने सांगत होती. गोजराला पटेना.

"कमी पगारावर परमुलखात? आदी मी बगनार."

मायलेकी इंदूरला गेल्या. पोचल्या त्या दुपारी माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. लोक इंदूरला जाऊन आधी राजवाडा बघतात. ही थेट मासळीवाल्यासमोर उभी!

"बाई, हितं पापलेट दुप्पट! आनि डोले बगा, पार आत गेल्यात. लय महाग राज्य हाय. पोर येनार नाय हितं."

"आई, इथे समुद्र कुठेय?" मागून भाविका ओरडली. "दूध विचार, भाजी विचार!"

"भाजी काय रोज खायाची?"

मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. पापलेटाच्या भावाने ही बाई सबंध मध्य प्रदेश तोलणार, आणि पोरीची नोकरी जाणार.

"गोजरा, भाड्याचं घर बघितलंस का?"

"आता तिकडंच जातो."

तासाभराने पुन्हा फोन. या वेळी चेहरा दिसेना. नुसतं छत, दार, खिडकी, सगळं गरगर फिरत होतं.

"बाई, दोन खोल्या! ह्यो किचन! आनि गॅलरी, बाई, गॅलरी! नेरूलला एका खोलीचं भाडं पडतं ना, त्याच्या अर्ध्यात!"

"मग पापलेटाचं काय?" मी चिडवलं.

फिरणारं छत थांबलं.

"मासली मी धाडीन," गोजरा म्हणाली. "गॅलरी कशी धाडू?"

भाविकाची आनंदाची किंकाळी मला फोनशिवायही नेरूळमध्ये ऐकू आली असती.

आता भाविका त्या घरात राहते. गोजरा दर महिन्याला सुके बोंबील आणि जवळा तीन पिशव्यांत घट्ट बांधते आणि इंदूरच्या बसवाल्याकडे देते.