भावाची रायफल

माझा धाकटा भाऊ निमलष्करी दलात होता, बस्तरच्या जंगलात. रजेवर रायपूरला आला की त्याचा एकच विषय असायचा: नक्षल्यांची हत्यारं आणि आपली हत्यारं. आई पोळ्या लाटत असली तर तिचं लाटणं ओढून खांद्याला लावायचा.

"आमची रायफल हलकी आहे ताई, नेमही चांगला. पण चिखल गेला का अटकते. एके-४७ वजनदार, पण नाल्यातून काढून झटकली तरी चालते. त्यांच्या मोठ्या लोकाईजवळ एके, बाकी पोट्ट्याईजवळ भरमार."

"भरमार म्हणजे?"

"गावठी बंदूक. नळीत बारूद ठासायची अन् एकच बार काढायचा."

"मंग ते तुमच्यावर भारी काहून पडून राहिले?"

"आमच्याच रायफली नेतात ना. जवान पडला का पहिले त्याची रायफल उचलतात."

एका वर्षी गस्तीवर घात झाला आणि तो गेला. शवपेटीसोबत आलेल्या त्याच्या सोबत्यानं सांगितलं, दोन गोळ्या सुटल्या आणि रायफल अटकली. तो बोल्ट ओढत होता, तेवढ्यात त्याला गोळी लागली. रायफल ते घेऊन गेले. मी त्या सोबत्याकडून रायफलीचा नंबर विचारून घेतला आणि पाठ केला. जप्त हत्यारांचा फोटो पेपरात आला की मी तो डोळ्यांजवळ धरून बघायची. रायफल सापडली तर ती वापरणारा माणूसही सापडेल, एवढंच डोक्यात होतं.

काही वर्षांनी पोलिसांचा फोन आला. एका टोळीनं शरणागती पत्करली होती आणि त्यांनी जमा केलेल्या हत्यारांत ती रायफल होती. रायपुरात कार्यक्रम ठेवला होता. शहिदांच्या बहिणी शरण आलेल्यांना राखी बांधणार होत्या. मी लगेच हो म्हटलं. मला त्याच्या समोर उभं राहायचं होतं.

टेबलावर एके होत्या, भरमार होत्या आणि मधोमध आमची. नंबर तोच. तेल लावून चकचकीत ठेवलेली. ज्यानं ती जमा केली, तो भावाच्याच वयाचा, कडक इस्त्रीच्या नव्या शर्टात बसला होता.

मी विचारलं, "ये अटकती थी क्या?"

"नहीं दीदी. रोज साफ करता था."

"मेरे भाई से किसने छीनी?"

"मैंने. वो जिंदा था. पानी माँगा."

"दिया?"

त्यानं मान हलवली. नाही.

पोलीस साहेबांनी राखीचं ताट पुढे केलं. कॅमेरे वळले. मी ताट तसंच परत त्यांच्या हातात दिलं. "राखी नहीं साहब, मुझे केस चाहिए." साहेब मला बाजूला घेऊन सरकारचं धोरण समजावत राहिले. मी ऐकून घेतलं आणि तिथून थेट वकिलाकडे गेले.

त्याच्यावरचा त्या घाताचा जुना खटला मागे घ्यायला सरकारनं कोर्टात अर्ज केला, तेव्हा मी विरोध केला. अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी मी भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. आता दर तारखेला बसनं जगदलपूरच्या कोर्टात जाते आणि जामिनावर सुटलेला तो मान वर करेल तिथं मी दिसेन, अशी बसते.

मागच्या तारखेच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "सोड ना आता, पोरी. त्याचीबी माय असन."

"असन. तिचा पोरगा घरी जेवून राहिला."

 सकाळी मी निघाले, तर आई चपला घालून दारात उभी होती.