दर महिन्याचे दीडशे रुपये

ती तक्रार आठवली की आजही मला आधी एक बैलजोडी दिसते, मग पोस्टमन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बदलापुरात मी नवाकोरा फौजदार होतो. नकला करायची खोड भारी. मोठ्या साहेबांचा खोकला असा काढायचो की ठाणे अंमलदार टोपी शोधत उभा राहायचा. त्यापायी दोनदा मेमोही मिळाला.

एका सकाळी बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा आला. त्याचा मुलगा लष्करात, पाड्यावरचा पहिलाच जवान.

"माजा पोर दर मयन्याला चारशे धाडतं," तो म्हणाला. "दोन मयने झालं, यो पोस्टमन अडीचशेच देतं. दीडशे खातं."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. मनिऑर्डर पोस्टमनच वाचायचा, पैसे मोजायचा, अंगठा घ्यायचा. मुलाची पत्रं वाचणारा तोच आणि उत्तरं लिहिणाराही तोच. म्हणजे खायचं ठरवलं तर ताट वाढलेलंच. मी अर्ज लिहून घेतला. गुन्हा दाखल झाला असता तर पोस्टमनची नोकरी गेली असती, वर तुरुंग.

पोस्टमन पन्नाशीचा, अंबरनाथ पश्चिमेहून यायचा. बोलावला, बसवला. तो एवढंच म्हणायचा की मी त्यांचा एक पैसा खाल्लेला नाही. मग दीडशे कुठे जातात? गप्प. हवालदाराचं मत पडलं, एक ठेवून दिली की बोलेल. मी थांबवलं. फार दयाळू होतो असं नाही, मला उत्सुकता लागली होती. चोराला बोलवलं की तो सहसा भरपूर बोलतो. आई आजारी आहे, शेजारी वाईट आहे, काहीतरी सांगतो. हा काहीच सांगत नव्हता. त्याला घरी सोडला, रोज हजेरीला यायला सांगितलं.

आधी मी उल्हासनगरला होतो. तिथला जुन्या सामानाचा एक सिंधी दुकानदार मला खबर द्यायचा. पोस्टमनने इतक्यात नवीन काही घेतलंय का, तेवढं त्याला बघायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला.

"साईं, घेतला काय पण नाही. उलटा चार महिन्यापूर्वी बायकोची शिलाई मशीन मलाच विकून गेला. भाव पण नाही केला."

पैसे खाणारा माणूस मशीन का विकेल? मला झोप येईना. सकाळी जीप काढून सरळ पाडा गाठला.

म्हाताऱ्याने आधी बैल दाखवले. गेल्या साली मुलाने काही महिने जास्तीचे पैसे पाठवले होते, त्यातून घेतलेली जोडी. मग घरात नेलं. मनिऑर्डरची कुपनं त्याने तारेला टोचून ठेवली होती. पोराच्या हातचं अक्षर, म्हणून टाकवत नव्हतं. मी वरून वाचायला लागलो. शेवटची दोन अडीचशेची. म्हणजे आले तेवढेच पोस्टमनने दिले. ठीक. त्याच्या आधीचं बघितलं, तेही अडीचशे. त्याच्या आधीचंही. अशी सात. चारशेचं कुपन लागलं ते आठवं.

"बाबा, दोन महिन्यांच्या आधी तुम्हाला किती मिळायचे?"

"चारशे. शेजारी साक्षीला हाय."

म्हणजे पाच महिने या माणसाने पदरचे दीडशे घातले होते. आम्हाला पैसे खाणाऱ्याचं कलम शिकवलं होतं. घालणाऱ्याचं कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी पोस्टमन हजेरीला आला. समोर बसवून मी काही विचारलं नाही. फक्त म्हाताऱ्याचा आवाज काढला: "माजा पोर मिलिट्रीत हाय, त्याचं पैसं कमी येतीलच कसं?" पोस्टमनला हसू आलं. मग त्याने डोळे पुसले.

"अगदी असंच बोलतात ते, साहेब. म्हणून तर सांगवेना."

त्याने खिशातून एक अंतर्देशीय काढलं. जवानाने त्यालाच लिहिलेलं. जवानाची तुकडी उंच डोंगरावरून खाली आली, पण कुणाच्या तरी चुकीने तिथला भत्ता पगारात चालूच राहिला. पोराला वाटलं पगार वाढला. सगळं घरी पाठवलं, त्याचे बैल आले. चूक सापडल्यावर दरमहा कापून घ्यायला लागले. चूक माझी नाही म्हणून अर्ज केला, उत्तर नाही. आणि खाली लिहिलं होतं: बाबांना सांगू नका. सरकारचे पैसे घरात आलेत कळलं तर त्याच दिवशी बैल विकतील, मग नांगराला काय जुंपणार? तुम्ही चारशेच द्या. रजेवर आलो की फेडतो.

रजा रद्द झाली आणि पोस्टमनचे पैसे संपले.

"हे पहिल्या दिवशी का नाही दाखवलंत?"

"बाहेर बाकावर ते बसले होते ना, साहेब."

पण अर्ज निकाली काढायचा तर अर्जदाराला कारण सांगावं लागतंच. मीच जाऊन सांगितलं. म्हाताऱ्याने आकडे दोनदा विचारले, गोठ्याकडे बघितलं, आणि चहाही विचारला नाही. बैल गेले, असं समजूनच मी परतलो.

चौथ्या दिवशी ठाण्यासमोर बैलगाडी उभी. जोडी तीच. गाडीत दोन पोती तांदूळ आणि शेजारी पोस्टमन. म्हातारा पोस्टमनकडे बोट करून म्हणाला, तांदूळ दादाचं, बाकीचं पुढच्या भाताला देईन. तक्रार नाही म्हणून अंगठा दिला.

मी विचारलं, "बैल नाही विकले?"

"सरकार तर कापतंच हाय. बैल इकलं तर पाडाभर बोभाटा होईल, पोराला कळंल." मग अंगातल्या बंडीच्या खिशातून कोरं अंतर्देशीय काढून पोस्टमनसमोर धरलं. "दादा, लिवा. चारशे पोचलं."

"बाबा, अडीचशे आले ना?" मी म्हणालो.

"मला समजलं ह्ये त्याला कळलं, तर पोर तिकडं जेवाचं न्हाय, सायब."

पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. मी फाईल चाळत बसलो. त्याने लिहिलं, चारशे.

जवानाच्या अर्जाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, माझी बदली झाली. पण तेव्हापासून गप्प बसलेला माणूस समोर आला की काय लपवतोस, असं मी विचारत नसे. कुणापासून लपवतोस, हे विचारायचो. बरेच जण बोलायचे.

त्या केसमध्ये खोटं बोलणारे तिघे होते, आकडा सगळ्यांचा एकच, दीडशे. मी डायरीत लिहिलं: 'गैरसमजातून अर्ज, निकाली.' चौथा मी.