कणगीतला तांदूळ

निरगुडीचा पाला हातात चुरगळला की टोकावड्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहणारी आत्या आठवते. त्या उन्हाळ्यात ती फार वाळली होती. विचारलं तर म्हणाली, "दोन महिने झाले, रेशनचा तांदूळ आलाच नाय गो." मी तडक दुकान गाठलं. दुकानदाराने मशीनवर तिचा अंगठा दाखवला, पण अंगठा घेऊन धान्य लाटणं काय अवघड असतं? मग मी रेशनची पिशवी तिला घरी आणून देणाऱ्या शेजारणीला धरलं. ती एवढंच म्हणाली, "आत्या परवा कणगी लिंपत व्हती. ती उघडून बघा तुमी." धान्य साठवायच्या बांबूच्या कणगीचं शेणाने लिंपलेलं तोंड मी फोडलं. आत कीड लागू नये म्हणून घातलेल्या निरगुडीच्या पाल्याखाली रेशनचा पांढरा तांदूळ होता. आत्याने माझा हात घट्ट धरला. "बियाणं हाय ते. खाल्लं तर पेरायचं काय?" जन्मभर भातशेती केलेली बाई, टरफल काढलेला तांदूळ रुजत नाही हेच विसरली होती, आणि बियाणं राखायचं म्हणून उपाशी राहिली होती. आता तिला दोन्ही वेळा शेजारीणच जेवायला घालते. तिच्यावर संशय घेतलेल्या माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही.